चार वाजताचा रंग

“गोळी दोनावर घे, मगदूम. चार वाजायला आलेत.”

रणभिसे सिस्टर रोज दुपारी पावणेचारला हे म्हणायच्या आणि म्हणताना माझ्याकडे बघायच्याही नाहीत. त्या आपली कडक इस्त्रीची टोपी सारखी करत असायच्या, जणू भेटीला येणारे लोक बाळांना नव्हे, त्यांनाच बघायला येणार होते. मी एकेका बाळाच्या काचेच्या पेटीपाशी जाऊन ऑक्सिजनची चावी थोडी उघडायची. फ्लोमीटरच्या काचेच्या नळीत एक गोळी असते. चावी उघडावी तशी ती वर चढते आणि ज्या आकड्याशी तरंगते तितके लिटर ऑक्सिजन बाळाच्या नाकाशी जातो. गोळी दोनावर गेली की पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे जोरात वाजायला लागायचे. पाच-दहा मिनिटांत ती एवढीएवढीशी मळकट तोंडं गुलाबी व्हायची. मग बरोबर चारच्या ठोक्याला रणभिसे सिस्टर काचेवरचा हिरवा पडदा सर्रकन बाजूला करायच्या. पलीकडे ताटकळलेल्या बायांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटायचं, ते बघायला मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा गेले असते.

ही नव्वद सालची गोष्ट. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचं हॉस्पिटल होतं आणि त्यात दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी एक खोली होती. पाच पेट्या. त्यातल्या दोन आमच्या वायरमनने बल्ब लावून आणि आईची आण घालून चालू ठेवलेल्या. स्पिरिटचा, उकळलेल्या गॉजचा आणि आंबूस दुधाचा मिळून त्या खोलीला एक वास होता. आजही कुठे नुसता स्पिरिटचा वास आला तरी बाकीचे दोन मी मनानेच त्यात घालते. दुपारच्या निवांत वेळात आम्ही कापसाची जाकिटं शिवायचो, माझ्या तळहाताएवढी. रणभिसे सिस्टर शिवताना नगरकडच्या त्यांच्या चर्चमधली गाणी गुणगुणायच्या आणि सुई बोटाला लागली की त्याच चालीवर मला काम सांगायच्या. मी चोवीस वर्षांची होते. अंगात नको तितका उत्साह, आणि सिस्टर म्हणतील ते ब्रह्मवाक्य.

त्या दिवाळीनंतर डॉक्टर निरगुडकर आले. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात शिकलेले, अंगाने काडी, चहा पार गार झाल्याशिवाय तोंडाला न लावणारे. पहिल्याच आठवड्यात ते पावणेचारला खोलीत आले आणि दारातच थबकले.

“हे काय चाललंय?”

“भेटीची वेळ, डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या.

“ते कळलं. सगळ्या गोळ्या दोनावर का?”

“रंग यायला. आई बघणार ना.”

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी स्वतः पाची चाव्या कमी केल्या, पडदा तसाच बंद ठेवला आणि आम्हा दोघींना स्टुलावर बसवलं.

“या बाळांनी अजून दोन महिने पोटात असायला हवं होतं. तिथे ऑक्सिजन अगदी थोडा असतो. त्या थोडक्यातच फुप्फुसं वाढतात. डोळ्याच्या आतल्या रक्ताच्या बारीक नळ्या तेवढ्यातच हळूहळू पुढे सरकतात. आपण वरून भरमसाट ऑक्सिजन सोडला की त्या नळ्या जागच्या जागी थांबतात. आणि काही आठवड्यांनी वाढायला लागतात त्या कशाही, गुंता होऊन. मग डोळ्याच्या आतला पडदा ओढला जातो. मूल आंधळं होतं. आणि फुप्फुसं आतून भाजल्यासारखी होतात. पुढे तिथे वण राहतात.”

“प्राणवायू आहे तो, डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या. “विष नाही.”

“औषध आहे, सिस्टर. आणि औषधाला मात्रा असते, हे मी तुम्हाला काय सांगायचं?”

“तीस वर्षं गुलाबी बाळं आयांच्या ओटीत घातलीत मी.”

“ओटीत घातलीत. त्यातली किती पुढे तुम्हाला भेटली? किती जणांनी तुम्हाला ओळखलं?” त्यांचा आवाज मऊ होता. “बाळाला लागतो तेवढाच द्यायचा. ओठ निळे पडत नाहीत ना, पुरे. गुलाबी नको. गोळी वर-खाली करणं तर त्याहून वाईट.”

रणभिसे सिस्टर चार दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. पण डॉक्टरचा हुकूम त्यांनी अक्षरशः पाळला. बाई शिस्तीच्या होत्या. पावणेचारचं ते वाक्य बंद झालं.

बंद झालं ते त्यांच्या तोंडून.

मालन खोत ही पलीकडच्या वाडीतली. सत्ताविशीची असेल, नवरा शामराव दूधसंघाच्या टँकरवर ड्रायव्हर. तिची आधीची दोन्ही बाळं अपुऱ्या दिवसांची, घरीच झाली आणि निळी पडून गेली. हे तिसरं तिसाव्या आठवड्यात, आमच्याकडे झालं. मुलगा, बाराशे ग्रॅम. पहिले चार दिवस त्याला खरोखरच जास्त ऑक्सिजन लागला. मग डॉक्टरांनी कमी करत करत तो अर्ध्या लिटरवर आणला. मालन हॉस्पिटलच्या मागच्या धर्मशाळेत राहायची. जंतूंच्या भीतीने आयांना आत सोडत नसत. ती सकाळ-संध्याकाळ वाटीत दूध काढून दारापर्यंत आणून द्यायची, आम्ही ते नळीने बाळाच्या पोटात सोडायचो. बघायचं फक्त चार वाजता, काचेतून.

अर्ध्या लिटरवरचं बाळ तिने पहिल्यांदा बघितलं तेव्हा पडदा मीच सारला होता. बाळ ठीक होतं, पण पावसाळी दिवशीच्या उजेडासारखं मळकट दिसत होतं. मालनने काचेला कपाळ टेकलं. मग ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

“ह्यो बी चालला,” ती म्हणाली. “आधीच्यांचा रंग असाच हुता.”

मी बाहेर जाऊन तिला समजावलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं, माझ्या परीने. तिने मान हलवली, तोंडावर पदर घेतला आणि गेली. संध्याकाळी वाटी आली ती रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळीही रिकामी.

“दूध आटलं बगा,” ती म्हणाली. “आत काय उतरंनाच.”

त्या बाराशे ग्रॅमच्या जिवाला आईच्या दुधाखेरीज दुसरं काही पचत नव्हतं. बाहेरचं दूध दिलं की पोट फुगायचं. त्या दुपारी रणभिसे सिस्टर ऑपरेशन थिएटरकडे गेल्या होत्या. पावणेचारला मी त्याच्या पेटीपाशी गेले आणि गोळी दोनावर घेतली. एकच दिवस, असं म्हणत. चारला पडदा सारला. मालन काचेशी आली, तिने बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली. तिच्या पुढच्या दातात फट होती, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी वाटी अर्धी भरून आली.

आता तुम्हीच सांगा, दुसऱ्या दिवशी मी काय केलं असेल. त्या महिन्यात माझी पाळी दुपारी बारा ते आठ होती. पावणेचारला चावी उघडायची आणि डॉक्टर सातला राउंडला यायच्या आधी अर्ध्यावर आणायची. कधी साडेपाचला आणायची, कधी सातला पाच कमी असताना धावत जाऊन. रणभिसे सिस्टर आता चारचा पडदा माझ्यावर सोपवून ऑपरेशन थिएटरकडे जायच्या आणि साडेचारला तिथूनच चर्चच्या मीटिंगला नाहीतर घरी. मधल्या वेळात मी पडदा ओढून त्याच्याशी गप्पा मारायचे. “काय खोत, आज काय म्हणतोय बाजारभाव?” असं म्हटलं की तो जांभई द्यायचा. जांभई असायची तांदळाच्या दाण्याएवढी. कागदावर मी रोज लिहायचे, ऑक्सिजन अर्धा लिटर. मला त्यात खोटं वाटलंच नाही. दूध येत होतं, वजन रोज दहा-पंधरा ग्रॅमने वाढत होतं आणि एका बाईच्या तोंडावर रोज चार वाजता हसू येत होतं. डॉक्टर पुस्तकातलं बोलतात, आपण डोळ्यांनी बघतो, अशी एक गुर्मी असते त्या वयात. माझ्यात ती पोतंभर होती.

असे एकवीस दिवस गेले.

एका बुधवारी संध्याकाळी राउंड संपल्यावर डॉक्टरांनी खिशातून कागद काढला. “सिस्टर, उद्या मिरजेहून डॉक्टर मुल्ला येतायत. डोळ्यांचे. या बाळांचे डोळे आतून तपासायला. महिन्यातून एकदाच येतील आणि तीनच्या एसटीने परत जातील. एकेका बाळाला वेळ लागतो, त्यामुळे चारच घेणार. ज्यांना खूप दिवस जास्त ऑक्सिजन लागला तेवढी चार नावं काढलीत मी.”

मी नावं वाचली. मालनचं बाळ त्यात नव्हतं.

“खोतांचं?” मी विचारलं.

“त्याचा चार्ट बघा की. चार दिवस जास्त आणि मग सलग अर्धा लिटर. त्याचे डोळे सगळ्यात सुरक्षित.” ते जरा हसले. “मात्र त्याचा एक्सरे मला कळत नाहीये. इतक्या कमी ऑक्सिजनवर फुप्फुसं अशी जाळीदार का दिसावीत? आणि ऑक्सिजन सुटत का नाही त्याचा? काहीतरी निराळं असेल. पुढच्या महिन्यात डोळेही बघून घेऊ, हवं तर.”

“पुढच्या महिन्यात उशीर नाही होणार?”

“ज्याचं बिघडतंय त्याला होईल. नळ्यांचा गुंता आत्ता दिसला तर गोठवून थांबवता येतो. पुण्यात करतात. महिन्याने पडदा सुटून येतो, मग काही उपाय नाही. म्हणून तर ही चार आधी.”

मी मान हलवली आणि घरी गेले. आईने वाढलेलं ताट तसंच ठेवलं. आई म्हणाली, ताप आहे का. मी म्हटलं, असेल.

दुसऱ्या दिवशी बाराला पोचले तेव्हा डॉक्टर मुल्ला दोन बाळं तपासून तिसऱ्याकडे वळले होते. कपाळाला दिवा बांधलेला, हातात भिंग, दाढीला मेंदीचा रंग. बाळाच्या डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब तपासणीच्या तासभर आधी घालावे लागत. म्हणजे फार तर दीडपर्यंत थेंब पडले तरच त्या एसटीच्या आत काही होणार होतं. मी रणभिसे सिस्टरांना कपड्यांच्या खोलीत ओढलं, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं.

त्या चादरींच्या ढिगावर बसल्या. मग म्हणाल्या, “रोज?”

“रोज.”

“किती तास?”

“दोन. कधी तीन.”

“मूर्ख मुली.” त्यांनी डोळे पुसले. मग उठल्या, टोपी नीट केली. “हे बघ, तू गप्प बस. नोकरी तर जाईलच, शिवाय दुसरीकडे कुठे उभं करणार नाहीत तुला. मी डॉक्टरांना सांगते, पाचवं बाळ बघा म्हणून. डोळे बघण्याशी मतलब. कारण कशाला हवं?”

मला एवढं हलकं वाटलं की काय सांगू. त्या पुढे आणि मी त्यांच्या पाठीमागे, लपल्यासारखी.

“डॉक्टर, त्या खोतांच्या पोराचेही डोळे बघून घ्या ना.”

“का, सिस्टर?”

“आपलं असंच. मन म्हणतंय.”

डॉक्टर निरगुडकरांनी घड्याळ बघितलं. “मुल्लासाहेब चौथं करतील आणि निघतील. अर्ध्या लिटरवरच्या बाळासाठी ताटकळत थांबा असं मी कोणत्या तोंडाने सांगू त्यांना? आणि त्या तपासणीत बाळाचे हाल होतात, सिस्टर. पापण्या तारेने उघडून धरतात. कारण असल्याशिवाय नको.”

रणभिसे सिस्टर माझ्याकडे वळल्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. भिंतीवर एक वाजून वीस मिनिटं झाली होती. पेटीत तो जांभई देत होता.

“कारण आहे, सर,” मी म्हटलं. “चार्ट खोटा आहे. मी लिहिलाय तो. एकवीस दिवस दुपारी मी गोळी दोनावर ठेवत होते.”

डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

“का?”

“रंग यायला.”

त्यांनी कपाटातून थेंबांची बाटली काढली आणि स्वतः बाळाच्या डोळ्यात थेंब घातले. मग डॉक्टर मुल्लांकडे जाऊन खालच्या आवाजात बोलले. मुल्लांनी मान वर करून मला शोधलं, घड्याळ काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, “जाऊ दे एसटी.”

अडीचला त्यांनी त्याला तपासलं. त्याचं डोकं मी धरलं होतं. धरा म्हणून मलाच सांगितलं. त्या तारेने उघडलेले डोळे, आणि तो रडत होता तरी आवाज फुटत नव्हता. दमच पुरत नव्हता त्याला. पाची बाळांत मुल्लांना सगळ्यात जास्त वेळ त्याच्यापाशी लागला. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

“दोन्हीकडे गुंता आहे. डाव्यात जास्त. उद्या, फार तर परवा पुण्यात गोठवायला हवं. उजवा वाचेल कदाचित.”

सगळं आवरल्यावर डॉक्टर निरगुडकर मला म्हणाले, “डोळ्यांचं मालनला मी सांगतो. का झालं, ते तुम्ही सांगायचं.”

चार वाजायला दहा मिनिटं होती. मालन काचेशी येऊन उभी होती, केस विंचरून, कुंकू ठीक करून. रोज ती तशी यायची, बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर यावं तशी. डॉक्टर बोलले आणि बाजूला झाले. मी सांगितलं. दूध आटलं तिथपासून सांगितलं. सांगताना मी रडले, आणि आपण रडतोय याचीही मला लाज वाटली.

ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, “माज्यासाटी केलं?”

“हो.”

“मी सांगितलं हुतं का, असं करा म्हून?”

“नाही.”

“इचारलं हुतं का मला?”

“नाही, मालनताई.”

तासाभराने हॉस्पिटलच्या गाडीतून ते पुण्याला गेले. शामराव पुढे बसला, मालन मागे पेटीला धरून. रणभिसे सिस्टर बरोबर गेल्या. माझं नाव कुणी घेतलं नाही आणि मीही पुढे झाले नाही.

गाडी गेल्यावर डॉक्टरांनी तो चार्ट माझ्यापुढे ठेवला. “दुरुस्त करा. तुमच्या अक्षरात.” एकवीस दिवस, एकवीस ओळी, लाल शाईने. मी विचारलं, राजीनामा कुणाकडे देऊ. ते गार चहा पीत म्हणाले, “आता या खोलीत त्या गोळीला सगळ्यात जास्त घाबरणार कोण? तुम्हीच. तुम्हाला घालवून मी काय करू?” ट्रस्टींसमोर मला उभं केलं गेलं, सहा महिने पगारवाढ थांबली, एवढंच. त्यांनी माझ्यासाठी काय काय ऐकून घेतलं ते मला नंतर कळलं.

रणभिसे सिस्टर पुण्याहून परत आल्या त्या एकदम म्हाताऱ्या होऊन. दुपारी जाकीट शिवता शिवता मधेच सुई थांबवायच्या. “त्या वकिलांच्या जुळ्या आठवतात का गं तुला? नाही, तू नव्हतीस. एकीला पुढे दिसत नव्हतं म्हणे. मला वाटलं, देवाची मर्जी.” आणि थोड्या वेळाने, “किती जणं असतील गं?” मी सुईत दोरा ओवून द्यायचे. त्यांनी नंतर गाणी गुणगुणली नाहीत.

बारा दिवसांनी बाळ परत आलं. उजवा डोळा वाचला होता. डावा गेला होता. पहिल्याच दिवशी चारला मी पडदा सारायला गेले, तर मालन काचेपलीकडून खुणेने थांब म्हणाली. मी दार किलकिलं केलं.

“हाय तसाच ठिवलाय न्हवं?”

“आहे तसाच. अर्ध्यावर.”

“मग सारा.”

त्या मळकट रंगाच्या पोराकडे ती भेटीची वेळ संपेपर्यंत बघत राहिली. तिचं दूध पुन्हा आटेल म्हणून मी संध्याकाळी जीव मुठीत धरून दारात उभी होते. वाटी काठोकाठ भरून आली. मला तेव्हा कळलं की त्या बाईला मी किती कमी समजत होते.

पुढे दीड महिन्याने त्याचा ऑक्सिजन सुटला. फुप्फुसांचं दुखणं मात्र राहिलं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा. डॉक्टरांनी मालनला सांगितलं की सर्दीपडशाला जपा, धावताना दमेल, पण जगेल. घरी जायच्या दिवशी शामरावने पेढे आणले. मालनने सगळ्यांना दिले. डॉक्टरांना, रणभिसे सिस्टरांना, वायरमनला, झाडणाऱ्या बायजाला. माझ्यापाशी आली आणि पुडा बंद केला.

“तुमास्नी पेढा न्हाई देत, सिस्टर. हात हुईना.”

“नका देऊ.”

“राग न्हाई. म्हंजे हाय. रोज हाय. पर तुमी त्या दिशी बोलला नसता तर दुसरा डोळा बी गेला असता, ह्ये बी मला ठावं हाय.” तिने बाळ माझ्या हातात दिलं. काचेबाहेर, उघड्या हातांनी, मी त्याला पहिल्यांदाच घेतलं होतं. दोन किलोचा झाला होता. “ह्यो मोटा हुईल. इचारंल, आये, माजा एक डोळा का न्हाई. मी न्हाई सांगायची. त्येला तुमच्याकडं लावून दीन. तुमीच सांगायचं.”

“सांगीन.”

“हितं नसला तर कुटं हाईसा ते कळवून ठिवायचं.”

मी कळवून ठेवलं. लग्न झालं तेव्हा, कराडला बदलून गेले तेव्हा, नवरा वारला तेव्हा, सांगलीत फ्लॅट घेतला तेव्हा. प्रत्येक वेळी खोतांच्या वाडीला एक पोस्टकार्ड टाकलं. उत्तर कधी आलं नाही. दहावीचे, बारावीचे निकाल लागायचे तेव्हा मी मनात हिशोब करायचे, आता एवढा झाला असेल. मग वाटायला लागलं की त्याने विचारलंच नसेल. किंवा मालन उरली नसेल. डॉक्टर निरगुडकर गेले, रणभिसे सिस्टर तर केव्हाच गेल्या. ती खोलीही आता नाही, तिथे औषधांचं दुकान आहे. माझ्या उमेदीच्या वर्षांचा सगळ्यात सुंदर तास म्हणजे तो चारचा तास, आणि आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम मी त्याच तासात केलं. दोन्ही एकाच खोलीत, एकाच चावीने. वय झालं तरी त्यातलं एक काढून दुसरं ठेवता येत नाही.

गेल्या माघातली गोष्ट. दुपारी जिन्यात पावलं वाजली. दुसऱ्या मजल्यावर राहते मी, लिफ्ट नाही. पावलं पहिल्या वळणावर थांबली. बराच वेळ. मग पुन्हा वर यायला लागली आणि पुन्हा थांबली. नर्सचे कान जात नाहीत. त्या पावलांच्या मधला श्वास मला ऐकू येत होता, आखूड, ओढलेला. बेल वाजायच्या आधीच मी दार उघडलं.

चौकटीला हात टेकून तेहतीस-चौतीस वर्षांचा माणूस उभा होता. जाड चष्मा, डावा डोळा लहान आणि पांढुरका. पुढच्या दातात फट.

“मगदूम सिस्टर?” त्याला अजून दम लागला होता. “मी धैर्यशील खोत. आईनं पाठवलंय.”

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. श्वास शांत व्हायची वाट बघितली. मी सवयीने मिनिटाला किती ते मोजत होते.

“शाळेत शिकवतो मी,” तो म्हणाला. “लहानपणी विचारलं की आई म्हणायची, सांगणारी बाई आहे, वेळ आली की पाठवीन. पुढं मी विचारणं सोडून दिलं. आठ दिवसांपूर्वी मला मुलगी झाली. लवकर झाली. पेटीत आहे, कोल्हापूरला. काल तिथल्या सिस्टर तिचा ऑक्सिजन कमी करत होत्या. पोरगी कशी दिसत होती माहितेय का तुम्हाला? मी त्या सिस्टरना नाही नाही ते बोललो. म्हटलं, हात लावाल तर बघा. डॉक्टर आले, सगळे जमले. आईनं मला बाहेर ओढलं आणि म्हणाली, आधी सांगलीला जाऊन ये. त्या सिस्टरकडं. सगळं सांगा म्हणावं, झाकू नका.”

चौतीस वर्षं मी या दिवसासाठी वाक्यं घोकली होती. कशी सुरुवात करायची, कुठे थांबायचं, माफी कधी मागायची. त्यातलं एकही आठवलं नाही.

“तुझा डोळा माझ्यामुळे गेला,” मी म्हटलं आणि तिथून पुढे सगळं सांगितलं. पावणेचार, गोळी, रंग, दूध, एकवीस दिवस. जिन्यात त्याला दम का लागतो तेही सांगितलं. तो खाली बघून ऐकत होता.

मग त्याने एकच विचारलं.

“म्हणजे त्या कमी करत होत्या, ते बरोबर?”

“बरोबर. आता बोटाला यंत्र लावतात, आकडा दिसतो. तो बघूनच करतात. रंग बघून नाही.”

त्याने खिशातून फोन काढला, एका डोळ्याजवळ नेऊन नंबर लावला. “आई,” तो म्हणाला, “सिस्टरना सांग, माझं चुकलं. कमीच राहू द्या म्हणावं. मी येतोय.”

आणि उठला. कोल्हापूरची गाडी चारला होती, थांबला असता तर चुकली असती. मी जिन्यापर्यंत गेले, सावकाश उतर म्हटलं. आपल्या डोळ्याबद्दल त्याने मला एक शब्दही विचारला नाही.